सव्वा महिना आणि बाप

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. डोहाळजेवण झाले की मुलगी आईकडे जाते आणि सव्वा महिना उलटेपर्यंत बहुधा तिथेच राहते. शेकशेगडी, मालीश, डिंकाचे लाडू, सटवाईची पूजा, बारसे हे सारे तिथेच होते. यामागे शहाणपण आहे. बाळंतिणीला हक्काची विश्रांती आणि आईचा हात मिळतो. मात्र या व्यवस्थेत बाळाचा बाप सासुरवाडीला येतो तो जावई म्हणून. जावयाला चहा-फराळ मिळतो, लंगोट बदलायला कुणी सांगत नाही. बाळ त्याच्या हातात येते ते फोटोपुरते.

सव्वा महिन्यानंतर मायलेकरे घरी येतात, तेव्हा आईच्या हाताला बाळाची सवय झालेली असते आणि बाप पहिल्या दिवसावरच असतो. ‘पुरुषांना जमत नाही’ हे वाक्य अशा रीतीने आपणच खरे करून दाखवतो. आईलाही पहिल्या दिवशी काही येत नसते. बाळ सतत तिच्याजवळ असते म्हणून ती शिकते. संगोपन ही सहवासाने शिकायची विद्या आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

याचा उत्तम पुरावा आपल्या विदर्भातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत, गावातल्याच थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. ऊब कशी राखावी, अंगावर कसे पाजावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा हे त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने छापले आणि २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटींची योजना देशभर आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची, असा तिचा क्रम आहे. जे काम प्रशिक्षणाने गावातली बाई शिकते, ते शिकलासवरला बाप शिकू शकत नाही, असे म्हणायला आधार नाही.

शरीरशास्त्रही हेच सांगते. फिलिपिन्समधील सेबू येथे ६२४ तरुणांचा काही वर्षे अभ्यास झाला. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. बाप झालेल्यांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक लक्षणीय उतरले होते. बापांमध्येही, रोज तीन तास किंवा अधिक वेळ मुलाचे करणाऱ्यांत त्याचे प्रमाण अजिबात लक्ष न घालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. इस्रायलमधील २०१४ च्या अभ्यासात, बाळाचे मुख्य संगोपन करणाऱ्या बापांच्या मेंदूतील भावनेशी निगडित केंद्रे आईच्या मेंदूसारखी सक्रिय दिसली. म्हणजे बाळाला हाताळण्याचे तास आणि बापाच्या शरीरातले बदल यांचे नाते आहे.

मग बापाने करायचे काय? माझ्या मुलीचा जन्म नागपुरातला, ऐन मे महिन्यातला. पत्नीने आमच्याच घरी राहायचे ठरवले आणि सासूबाई येऊन राहिल्या. आम्ही आधी कामांची वाटणी केली. नवजात बाळ दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पिते. दहा वेळा आणि प्रत्येकी चाळीस मिनिटे धरली, तरी साडेसहा तासांहून अधिक वेळ आईचा नुसता पाजण्यात जातो. त्यामुळे पाजण्याच्या आधीचे आणि नंतरचे सारे माझ्याकडे आले: बाळाला उचलून आणणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, दुपटी धुणे, झोपवणे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गोष्टीला दुप्पट वेळ लागे. तिसऱ्या आठवड्यात रडण्यातला भुकेचा आणि झोपेचा सूर वेगळा ओळखू येऊ लागला.

बापाचे दुसरे काम अवघड असते. नवतपात कूलरसमोर बसलेली प्रत्येक पाहुणी सांगते, ‘लेकराचा घसा सुकला असंल, दोन चमचे पाणी पाज.’ पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नसते, पाणीही नाही. नागपूरच्या उन्हाळ्यातही लागणारे पाणी त्या दुधातच असते. मध तर वर्षभर वर्ज्य. हे थकलेल्या बाळंतिणीने दरवेळी का सांगावे? आत्या-मावशींना न दुखावता ‘डॉक्टरांनी नाही म्हटलंय’ हे म्हणणे बापाचे काम. बाळ पीत नाही, अंग गार किंवा तापलेले लागते, मलूल पडले आहे, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा चालतो, ही धोक्याची लक्षणेही त्याला पाठ हवीत.

कमी वजनाच्या बाळासाठी तर बापाची छाती हाच उपचाराचा भाग ठरू शकतो. १९७८ मध्ये बोगोटा येथे सुरू झालेल्या ‘कांगारू केअर’मध्ये बाळ उघड्या छातीशी धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार हे रोज ८ ते २४ तास व्हावे. एकट्या आईला ते झेपणारे नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनीही नवजात कक्षात कुटुंबीयांच्या सहभागाला जागा दिली आहे.

वेळेचा प्रश्न मात्र उरतो. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. त्या कायद्यात बापाला एक दिवसही नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर आणि रोजंदारीवाल्याला कुठलीच नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये सर्व बापांसाठी रजेचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. बाळंतपण माहेरी असले तरी जमेल तितके दिवस बापाने तिथे राहावे आणि आशाताई येतील त्या दिवशी समोर बसून ऐकावे. आणि सासूबाईंनी जावयाचा मान थोडा बाजूला ठेवून बाळ त्याच्या हातात द्यावे, ते रडत असतानासुद्धा.