पायाचे नख किडले तर...

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राधानगरी भागातले एक शेतकरी गृहस्थ ताप आला म्हणून दवाखान्यात आले होते. वय साठीच्या घरात. तपासून झाले, गोळ्या लिहून दिल्या, आणि उठता उठता त्यांनी उजवा पाय पुढे केला. "हे नख बघा की जरा डॉक्टर. नखासाठी कुठं दवाखान्याला यायचं, म्हणून चार वर्षं तसंच राहिलंय."

अंगठ्याचे नख पिवळट तपकिरी झालेले, कवडीसारखे जाड, टोकाला उचललेले आणि खाली पांढरा भुगा. पण माझे लक्ष शेजारच्या बोटाकडे गेले. त्याच्या टोकाची कातडी काळी पडून सोलली होती. विचारले तेव्हा कळले की कोणाच्या तरी सांगण्यावरून नखाला बिब्बा लावला होता. बिब्ब्याचे तेल ओघळून शेजारच्या बोटाला लागले आणि बोट उतले.

"दुखत नाही का?"

"नाही बा. मालकिणीनं दाखवलं तेव्हा मला कळलं."

बिब्ब्याने उतलेले बोट दुखत नाही, हे ऐकल्यावर नख बाजूला राहिले. पायाची संवेदना तपासली, रक्तातील साखर पाहिली. उपाशीपोटी २८० निघाली. साखर बरोबर असती तर कुष्ठरोगाच्या दृष्टीने तपासणी करावी लागली असती. बधिर पाय ही कधीच साधी गोष्ट नसते. या गृहस्थांना आपल्याला मधुमेह आहे याची कल्पनाच नव्हती. किडक्या नखाच्या निमित्ताने तो सापडला.

नखाची कीड हा विषय म्हणूनच आज घेतला आहे. बहुतेकांच्या दृष्टीने हा फक्त दिसण्याचा प्रश्न असतो. बायका पाय पदराखाली झाकतात, पुरुष मोजे घालतात, आणि घरात जे कोणी सांगेल ते लावून पाहतात. त्यातले काय लावावे, काय लावू नये आणि कोणी अजिबात काही लावू नये, हे माहीत असायला हवे.

कीड म्हणजे काय?

आपण कीड म्हणतो, पण नखात किडा नसतो. असते ती बुरशी. अंगावर नायटा उठवणारी जी जात, त्याच गोत्यातली. पायाच्या नखात सर्वांत जास्त वेळा सापडणारी बुरशी म्हणजे ट्रायकोफायटॉन रुब्रम. नख, केस आणि कातडीचा वरचा थर ज्या केराटिनचा बनलेला असतो, ते केराटिन हेच तिचे अन्न. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते, खाज सुटते. चिखल्यांवर दुर्लक्ष केले की बुरशी तिथून सरकत नखाच्या टोकाखाली शिरते. एकदा आत गेली की वर नखाचे छप्पर, खाली उबदार ओलसर गादी आणि खायला केराटिन. तिला आणखी काय हवे?

वय वाढले की नख सावकाश वाढते आणि पायाचा रक्तपुरवठा मंदावतो, त्यामुळे साठीनंतर हा आजार अधिक दिसतो. दिवसभर गमबूट किंवा बंद बूट घालणारे, पाण्यात काम करणारे, ठेच लागून नख दुखावलेले, मधुमेही आणि तंबाखू ओढणारे यांनाही तो जास्त होतो. तालमीत एकमेकांचे टॉवेल वापरणाऱ्या मुलांना नायटा होतो, तोच पुढे पायावर आणि नखात उतरतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. किडलेले नख बरे होत नाही. जो भाग पिवळा आणि जाड झाला तो तसाच राहतो. मुळाकडून निरोगी नख येते आणि जुने पुढे ढकलले जाऊन कापले जाते. पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढते. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख यायला वर्ष ते दीड वर्ष लागते. हाताचे नख याच्या दुप्पट वेगाने वाढते, म्हणून ते सहा महिन्यांत बदलते. महिनाभर काहीतरी लावून "फरक नाही" म्हणत सोडून देणारे आणि महिनाभरात नख साफ करून देतो म्हणणारे, दोघांनाही हे गणित माहीत नसते.

घरगुती औषधांचे काय?

लिंबू, हळद, कडुनिंबाचा पाला, करंजेल, लसूण, व्हिनेगर, मेंदी, रॉकेल, चुना, बिब्बा. गेल्या काही वर्षांत रुग्णांच्या तोंडून ऐकलेली ही यादी. सगळे टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. यातल्या काही पदार्थांत बुरशी रोखण्याचा गुण खरोखरच आहे. पण काचेच्या बशीतली बुरशी मारणे वेगळे आणि नखाखालची मारणे वेगळे. नख हे कवच आहे. वरून लावलेली हळद वरच राहते. नख पिवळे होते एवढेच, आणि ते आधीच पिवळे असते!

मेंदीची गोष्ट थोडी निराळी. भातलावणीच्या दिवसांत बायका पायांना मेंदी लावतात, ती केवळ हौस म्हणून नव्हे. चिखलात उभे राहून कातडी कुजू नये म्हणून ही जुनी रीत आहे, आणि मला ती पटते. मेंदीतले रंगद्रव्य बुरशीला काही प्रमाणात रोखते. मात्र ते काम कातडीवरचे. नखाखाली मेंदीही पोचत नाही, उलट रंगामुळे नखाचा दोष झाकला जातो आणि रोग वाढतो आहे की कमी होतो आहे हे कळत नाही.

व्हिनेगरमध्ये एकास दोन पाणी घालून पंधरा मिनिटे पाय बुडवायला हरकत नाही, जर कातडी अखंड असेल आणि पायाला संवेदना असेल. वास कमी होतो, कातडी मऊ पडते. नख बरे होईल ही अपेक्षा ठेवू नये. छातीला चोळायचे व्हिक्स नखाला लावतात हे ऐकून पूर्वी मी हसत असे. पण २०११ साली अमेरिकेत १८ रुग्णांवर ते ४८ आठवडे लावून पाहिले, तेव्हा ५ जणांचे नख पूर्ण साफ झाले, १० जणांना थोडाफार फरक पडला आणि ३ जणांना काहीच नाही. अठरा माणसांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, पण एखाद्या आजीबाईंना गोळ्या चालत नसतील आणि त्या रोज नेमाने लावणार असतील तर मी अडवत नाही. ४८ आठवडे हा आकडा मात्र विसरू नये.

लसणाचा ठेचा बांधून ठेवला की कातडी भाजते, फोड येतात. चुना भाजतो, रॉकेलने कातडी फाटते. बिब्ब्याबद्दल तर वर लिहिलेच आहे. या चार गोष्टी नखाच्या जवळपासही आणू नयेत.

घरी करण्यासारखे खरे काम दुसरेच आहे आणि ते फुकट आहे. आंघोळीनंतर पाय कोमट पाण्याने मऊ झालेले असताना नखाचा सुटलेला भाग कापावा आणि जाड भाग बारीक कानशीने आठवड्यातून एकदा घासून पातळ करावा. रक्त येईपर्यंत नव्हे. नख जितके पातळ, तितके वरचे औषध आत जाते आणि बुटाचा दाबही कमी लागतो. ही कानस आणि नेलकटर घरात दुसऱ्या कोणी वापरू नये. न्हाव्याकडून नखे काढून घेत असाल तर त्याची नराणी तुमच्यासमोर उकळून घ्यायला सांगा. तो रागावला तर नेलकटर स्वतःचा न्या. बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या फडक्याने टिपाव्यात. मोजे सुती असावेत, रोज धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. एकच बूट रोज न घालता आलटून पालटून घालावेत. चामडी कोल्हापुरी उन्हाळ्या-हिवाळ्यात नखांना चांगली, हवा लागते. पावसात तिला विश्रांती द्यावी. चिखल्या असतील तर त्यांचा इलाज आधी. क्लोट्रिमाझोलसारखे साधे मलम दोन ते चार आठवडे, खाज गेल्यानंतरही काही दिवस. चिखल्या ठेवून नखावर उपचार म्हणजे दार उघडे ठेवून चोर हाकलणे.

मलमाबद्दल एक तक्रार लिहून ठेवतो. औषधाच्या दुकानातून "खाजेची ट्यूब" मागून आणली की पुष्कळदा तीत स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो आणि बुरशी आत निवांत पसरते. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात नायटा इतका चिवट झाला आहे की पूर्वी सहज लागू पडणारी औषधे आता काही रुग्णांत पडत नाहीत. त्यामागे या मिश्र ट्यूबांचा वाटा मोठा आहे असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. मलम घेताना वेष्टनावरचे नाव वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन दिसले तर परत करा.

आधी तपासणी, मग गोळी

जाड, पिवळे नख दिसले की ती बुरशीच, असे नसते. अशा नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस, जुनी ठेच, बुटाचा दाब किंवा नुसते वय असते. याची फळे मी स्वतः चाखली आहेत. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एका शिक्षकांना मी नुसते नख पाहून आठ महिने ग्रिसिओफल्विन दिले. नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते, ते मला दिसले होते पण मी त्यांचा अर्थ लावला नाही. तो सोरायसिस होता. गुरुजींचे पैसे गेले, पोट बिघडले आणि नख होते तसेच राहिले. तेव्हापासून नखाखालचा भुगा प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही. भुगा पोटॅशच्या द्रावणात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणी स्वस्त आहे. तिच्याआधी दोन आठवडे नखाला कोणतेही मलम लावू नये, नाहीतर असलेली बुरशी सापडत नाही.

बुरशी नक्की झाली आणि नख मुळापर्यंत किडलेले असेल तर पोटातून औषध घ्यावे लागते. ग्रिसिओफल्विन पायाच्या नखासाठी वर्ष-दीड वर्ष घ्यावे लागे आणि तरी यश थोडे. आता टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, बारा आठवडे. गोळी थांबल्यावरही औषध नखात कित्येक महिने टिकून राहते, म्हणून तीन महिन्यांच्या गोळीचा परिणाम वर्षाने दिसतो. मध्येच "नख तसंच आहे" म्हणून स्वतःच्या मनाने दुसरा कोर्स सुरू करू नये. गोळीआधी यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. कावीळ होऊन गेलेल्यांनी, नियमित दारू घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हे डॉक्टरांना आधी सांगावे. कधी कधी तोंडाची चव जाते, बहुधा ती नंतर परत येते.

दुसरे औषध इट्राकोनाझोल. महिन्यातून एक आठवडा, असे तीन महिने. ते जेवणाबरोबर घ्यायचे. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर ते नीट शोषले जात नाही. हृदय कमजोर असलेल्यांना ते देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते घातक ठरते. म्हणून आपल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून दवाखान्यात न्यावीत.

फक्त टोक किडले असेल, एखाद-दुसरेच नख असेल, तर नखाला लावायचे अमोरॉल्फिनचे लॅकर आठवड्यातून एकदा-दोनदा, वर्षभर. फार जाड नखासाठी ४० टक्के युरियाचे मलम मिळते, त्याने नख मऊ होऊन न दुखता काढता येते. नख उपटून काढण्याची घाई करू नये. बुरशी गादीत असेल तर नवे नखही किडकेच येते. शहरात लेझरच्या जाहिराती दिसतात. खर्च मोठा, खात्री कमी. माझ्या रुग्णांना मी ते सुचवत नाही. आणि सगळे करूनही काहींचे नख पूर्ववत होत नाही, काहींना दोन-तीन वर्षांत पुन्हा होते, हेही सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

मधुमेह्यांसाठी वेगळे

वरचे घरगुती उपाय, अगदी कोमट पाण्यात पाय बुडवणेसुद्धा, पाय बधिर असलेल्या मधुमेह्यांसाठी नाहीत. पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पायाला कळत नाही. जाड नखाखाली दाबाने जखम होते, चिखल्यांच्या भेगेतून जंतू शिरतात, पाय लाल होऊन सुजतो, आणि काही वेळा बोट काढण्यापर्यंत पाळी येते. त्यांनी नख स्वतः कोरू नये, दुसऱ्याकडून कापून घ्यावे. अंगठ्याची उघडी चप्पलही त्यांना चालत नाही. मऊ तळाची, मागे पट्टा असलेली एमसीआरची सँडल घ्यावी. रोज रात्री घरातल्या कोणीतरी दिव्याखाली दोन्ही पाय पाहावेत, बेचक्यांसकट.

आमच्या शेतकऱ्यांच्या बोटाची जखम भरायला दीड महिना लागला. तोवर साखर आटोक्यात आली. भुग्यात बुरशी सापडली, यकृत ठीक होते, टर्बिनाफिन सुरू केले. पहिल्या दिवशी मी किडके नख संपते आणि निरोगी नख सुरू होते तिथे कानशीने एक बारीक आडवी खूण केली, आणि ती पुढे सरकते का एवढेच पाहा म्हणून सांगितले. पाडव्याच्या सुमारास ते आले तेव्हा खूण सात-आठ मिलिमीटर पुढे गेली होती. तिच्या मागचे नख गुलाबी, पातळ.

"आता पुढचं कापूनच टाकू का एकदम?"

म्हटले, नको. मालकीणबाईंना आठवड्याला थोडे थोडे घासू द्या. दिवाळीपर्यंत निघेल.