मॅन्युअल वाचतं कोण? अवघड स्ट्रॅटेजी गेम आणि शिकण्याची रीत

आजचा प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. एखादा गुंतागुंतीचा स्ट्रॅटेजी गेम हातात आला, की माणसं त्याचं मॅन्युअल वाचतात का? थोडक्यात उत्तर द्यायचं तर असं: सुरुवातीला बहुतेक जण वाचत नाहीत. पण ज्यांना तो गेम पुढे नीट खेळायचा असतो, ते कधी ना कधी वाचतात. आता हे न वाचणं म्हणजे निव्वळ आळस, की त्यात काही शहाणपणही आहे? आज आपण तेवढंच तपासणार आहोत.

थोडं मागे जाऊ. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्यानं 'क्रीगश्पील' म्हणजे युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. मोठा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, फासे आणि आकड्यांचे तक्ते असा सगळा सरंजाम. यातली गंमत अशी, की खेळणाऱ्यांना हे तक्ते माहीत असायलाच हवेत असं नव्हतं. ते आपला हुकूम कागदावर लिहून द्यायचे आणि पंच हिशेब करून निकाल सांगायचा. म्हणजे नियमांचं पुस्तक एका माणसानं वाचलं की भागायचं. पुढे तर त्या पंचालाही तक्ते जड वाटू लागले. 1876 मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्यानं सुचवलं, की तक्ते बाजूला ठेवा आणि अनुभवी पंचाला स्वतःच्या अकलेनं निर्णय देऊ द्या.

विसाव्या शतकात असे खेळ घरोघरी आले. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी 1954 मध्ये 'टॅक्टिक्स' विकायला आणला. आता घरात पंच कुठून आणणार? त्यामुळे टेबलाभोवती बसलेल्यांपैकी निदान एकाला तरी नियम वाचावेच लागत. कोणीच वाचले नाहीत, तर खेळ सुरूच होणार नाही.

मग कॉम्प्युटर आला आणि पंच परत आला! तुम्ही चुकीची चाल केलीत तर मशीन ती होऊच देत नाही. हिशेबही तेच करतं. आपल्या विषयातला कळीचा बदल हा आहे. नियम एकही न वाचता गेम सुरू करता येऊ लागला. मग प्रश्न उरतो, की मॅन्युअल कशासाठी?

1991 साली मायक्रोप्रोज कंपनीनं सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' आणला. त्याच्यासोबत शंभराहून जास्त पानांचं पुस्तक होतं. ते लिहिलं ब्रूस शेली यांनी, आणि ते स्वतः त्या गेमच्या रचनेतही सहभागी होते. चोरट्या प्रती खेळल्या जाऊ नयेत म्हणून गेम मध्येच एक प्रश्न विचारायचा: अमुक शोध लागण्यासाठी आधी कोणते दोन शोध लागतात? उत्तर पुस्तकात. पण जो गेममध्ये मुरलेला आहे, त्याला पुस्तक उघडायची गरजच नसे, ते नातं त्याला तोंडपाठ असे.

इथे दोन प्रकारचं ज्ञान वेगळं काढू या. एक म्हणजे 'काय करता येतं'. हे क्लिक करून कळतं. दुसरं म्हणजे 'असं का झालं'. हे क्लिक करून सहसा कळत नाही. सिव्हिलायझेशनमधलंच उदाहरण घ्या. राजधानीपासून लांब वसवलेल्या शहराचा व्यापार फारसा हाती लागत नाही. खेळाडूला वाटतं, जागाच वाईट निवडली. खरं कारण वेगळं असतं. बहुतेक राज्यपद्धतींत राजधानीपासूनचं अंतर वाढलं की भ्रष्टाचार वाढतो. न्यायालय बांधलं की तो कमी होतो. आता हे स्वतःच्या स्वतः शोधायला किती डाव हरावे लागतील? पुस्तकात मात्र ते दोन-चार ओळींत मिळतं.

तरीही माणसं वाचत नाहीत, याचं काय? यावर जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या संशोधकांनी 1987 मध्ये एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्यांचा विषय होता ऑफिसात कॉम्प्युटर वापरणारी माणसं, पण तो आपल्या खेळाडूंना तंतोतंत लागू पडतो. त्यांनी दोन विरोधाभास मांडले. पहिला असा: माणसाला काम उरकायचं असतं, शिकायला थांबायचं नसतं. थांबून शिकला तर पुढे वेळ वाचेल, हे त्याला कळतं, तरी तो थांबत नाही. दुसरा: माणूस नव्या गोष्टीला जुनीच मोजपट्टी लावतो. त्यानं कधी मदत होते, कधी घात होतो. बुद्धिबळ येणारा माणूस स्ट्रॅटेजी गेममध्ये आधी सैन्य हलवायला लागतो आणि धान्याकडे बघतच नाही, हा त्यातलाच प्रकार.

कॅरोल यांच्या 1990 च्या पुस्तकाच्या नावात 'न्यूर्नबर्गचं नरसाळं' आहे. जर्मनीतली ती जुनी थट्टा आहे: डोक्यात नरसाळं लावायचं आणि वरून ज्ञान ओतायचं. शिकणं तसं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी सुचवलेला उपाय असा, की पुस्तिका छोटी ठेवा, पहिल्या पानापासून खरं काम करायला द्या, आणि चुकल्यावर बाहेर कसं यायचं ते आवर्जून सांगा. लक्षात घ्या, पुस्तिका टाकून द्या असं ते म्हणत नाहीत.

मग शिकवण्याचा खरंच फरक पडतो का? वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये हे 45,000 हून जास्त खेळाडूंवर तपासलं. तीन गेम घेतले, सोपे आणि अवघड. काहींना ट्यूटोरियल दिलं, काहींना नाही. दोन सोप्या गेममध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. सगळ्यात गुंतागुंतीचा होता 'फोल्डइट', प्रथिनांच्या घड्या घालण्याचा. तिथे मात्र ट्यूटोरियलमुळे खेळण्याचा वेळ 29 टक्क्यांपर्यंत वाढला. म्हणजे सोप्या गोष्टीत शिकवणं नडत नाही, पण फारसं लागतही नाही. अवघड गोष्टीत ते नसेल, तर माणूस लवकर सोडून जातो.

आता छापील मॅन्युअल कुठे गेलं ते बघू. 2010 मध्ये युबिसॉफ्टनं कन्सोलवरच्या गेमची कागदी मॅन्युअल बंद करत असल्याचं जाहीर केलं. छपाईचा खर्च हे एक कारण झालंच. पण स्ट्रॅटेजी गेमच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. असे गेम विक्रीनंतरही वर्षानुवर्षं बदलत राहतात, त्यामुळे छापलेलं पुस्तक लवकर शिळं होतं. मग पुस्तकाचे तुकडे झाले आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन बसले. 2020 च्या 'क्रुसेडर किंग्ज 3' मध्ये एखाद्या शब्दावर माउस नेला की अर्थ दिसतो, त्या अर्थातल्या अवघड शब्दावर नेला की त्याचाही अर्थ दिसतो. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' 2006 मध्ये आला तेव्हा त्यात शिकवण्याची सोय जवळजवळ नव्हती. खेळाडूंनीच विकी लिहून काढला. गेममध्ये नीट ट्यूटोरियल यायला 2022 ची स्टीमवरची आवृत्ती उजाडावी लागली.

आपल्याकडचा अनुभव याला धरूनच आहे. 'एज ऑफ एम्पायर्स 2' (1999) सोबत तंत्रज्ञानाचा घडीचा तक्ता यायचा, आणि विल्यम वॉलेसची मोहीम तर शिकवण्यासाठीच होती. पण सायबर कॅफेत कॉपी केलेल्या सीडीवर खेळणाऱ्या मुलांनी तो तक्ता कधी पाहिलाच नाही. त्यांचं मॅन्युअल म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा दादा. "अरे, आधी गावकरी वाढव, मग लढ!" हे एक वाक्य दहा पानांचं काम करायचं.

पण ज्याच्या शेजारी दादा नाही, त्याचं काय? एकटा खेळणारा, इंग्रजी सावकाश वाचणारा, नाहीतर पन्नाशीत पहिल्यांदा कॉम्प्युटरवर गेम उघडणारा? अशा माणसाला दहा सेकंदांत नाहीशी होणारी सूचना पुरत नाही. त्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येईल, बोट ठेवून वाचता येईल असं काहीतरी लागतं. "कोणीच वाचत नाही" असं म्हणून पुस्तिका काढून टाकली, की सगळ्यात आधी हा माणूस बाहेर पडतो. आणि तो तक्रार करत नाही. "हे आपल्याला जमणारं नाही," असं म्हणून गप्प बसतो. त्याच्या दृष्टीनं दोष त्याचाच असतो. आम्हाला हे नुकसान मोठं वाटतं, आणि ते फक्त गेमपुरतं नाही. बँकेचं अ‍ॅप घ्या, सरकारी पोर्टल घ्या, तिथेही हेच घडतं.

व्याख्यानानंतर एक प्रश्न आला: "मग नव्या खेळाडूनं नक्की करावं काय?" आमचं उत्तर असं. आधी तासभर खेळा आणि खुशाल हरा. हरल्यावर डोक्यात जे दोन-तीन 'का' उरतील, ते घेऊन मॅन्युअल किंवा विकी उघडा. प्रश्न घेऊन वाचलेलं लक्षात राहतं. आणि गेम बनवणाऱ्यांसाठी एक कसोटी: चुकीचा परिणाम लगेच दिसत असेल, तर खेळाडू चुकून शिकेल, त्याला शिकू द्या. पण आज केलेली चूक तीन तासांनी महागात पडणार असेल, तर ती गोष्ट त्याला आधी कुठेतरी लिहून द्या. तेवढं लिहिलेलं वाचलं जातं.