शिंपल्यातलं विष आणि आकाशातला डोळा

१९९७च्या सप्टेंबरात केरळमधील विळिंजमच्या किनाऱ्यावर शिनाणे खाऊन सात जण दगावले, पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्याआधी १९८१मध्ये तमिळनाडूत अशाच विषबाधेने तिघांचा बळी घेतला होता आणि १९८३मध्ये ती मंगळूरजवळही आढळली होती.

तिसऱ्या, शिनाणे, कालवं असे शिंपले पाणी गाळून त्यातली सूक्ष्म शैवालं खातात. अलेक्झांड्रियमसारख्या काही शैवालांत सॅक्सिटॉक्सिन तयार होते आणि ते शिंपल्याच्या मांसात साठत जाते. माणसाच्या पोटात गेल्यावर ते मज्जातंतूंचे संदेश रोखते. आधी ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात; मात्रा मोठी असेल तर श्वास थांबतो. यावर उतारा नाही. शरीर विष बाहेर टाकेपर्यंत कृत्रिम श्वासावर माणसाला जगवायचे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. कालवण कितीही उकळले तरी हे विष टिकते, आणि चवीवरून ते ओळखूही येत नाही.

मग पाळत ठेवायची कशी? हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहांच्या नोंदींवरून शैवालबहराची माहिती देते. पाण्याचा रंग आणि हरितद्रव्याचे प्रमाण पाहून बहर कुठे उसळला हे कळते. २०२२च्या नोव्हेंबरात ‘इस्रो’ने सोडलेल्या ओशनसॅट-३ वरील कॅमेरा समुद्राचा रंग प्रकाशाच्या तेरा पट्ट्यांत वाचतो. पण पावसाळ्यात ढग आड येतात, आणि उपग्रहाला रंग दिसतो, विष दिसत नाही.

ही अडचण नॉक्टिल्युकामुळे नीट समजते. रात्री लाटांना निळी झळाळी देणारा हा सूक्ष्मजीव अरबी समुद्रात मैलोन् मैल पसरतो आणि आकाशातून ठळक दिसतो. तो अमोनिया सोडतो, त्याचा बहर कुजताना पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे मरू शकतात. पण सॅक्सिटॉक्सिन तो बनवत नाही. त्याच्या वाढीचे कारणही वादात आहे. संशोधक हेल्गा गोम्स आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये तिचा संबंध पाण्यातील प्राणवायूच्या तुटवड्याशी जोडला. २०१८मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी असा तुटवडा नसतानाही बहर येतो, असे मोजमापांनिशी दाखवले. नॉक्टिल्युकाच्या उलट, अलेक्झांड्रियम पाण्याचा रंग बदलण्याइतके दाटण्याच्या कितीतरी आधी शिंपले विषारी करू शकते. त्याच्या सुप्त पेशी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे तग धरतात.

म्हणून उपग्रहानंतर होडी लागते, पाण्याचा नमुना लागतो, सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखणारा माणूस लागतो. आणि शेवटचा निवाडा शिंपल्याच्या मांसाच्या तपासणीत होतो: किलोमागे ८०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सॅक्सिटॉक्सिन असेल, तर युरोपात तो माल विकता येत नाही. फ्रान्सने यासाठी १९८४पासून किनाराभर कायमची नमुना-केंद्रे उभारली आहेत.

परदेशी जाणाऱ्या मालासाठी ही परीक्षा ग्राहक देशच मागतो. पण खाडीच्या गाळातून तिसऱ्या उकरून गावच्या बाजारात वाटे लावणाऱ्या बाईसाठी ती कोण मागणार? मासळी कुठे मिळेल, हा सल्ला ‘इन्कॉइस’ आपल्या मच्छीमारांपर्यंत रोज पोचवतेच. त्याच वाटेने ‘या खाडीतले शिंपले सध्या खाऊ नका’ हा निरोपही जायला हवा. त्यासाठी आणखी एका उपग्रहापेक्षा प्रत्येक जिल्ह्यात नियमित नमुने घेणारी एक प्रयोगशाळा अधिक उपयोगी पडेल.