पडद्यावरचे बादशाह आणि आपली मोजपट्टी

२०१८च्या जानेवारीत ‘पद्मावत’ प्रदर्शित झाला, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत आठवीतला एक मुलगा रडत आमच्याकडे आला. डब्यात मटण होतं आणि तो हाडूक चोखत होता, एवढ्यावरून मागच्या बाकावरच्या दोघांनी त्याचं नाव ‘खिलजी’ ठेवलं होतं. ती दोन मुलं वाईट नव्हती. रविवारी थिएटरात जे पाहिलं, तेच सोमवारी वर्गात घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला आम्ही नेहमीचा धडा बाजूला ठेवला. मुलांना सांगितलं की अलाउद्दीन खिलजीने चितोड घेतलं ते १३०३ साली. अमीर खुसरो त्या मोहिमेत सोबत होते आणि त्यांनी तिचं वर्णन लिहून ठेवलं आहे. राणी पद्मिनीची कथा त्यात नाही. ती कथा रचली मलिक मुहम्मद जायसी या सुफी कवीने, १५४० साली, अवधी भाषेत. म्हणजे तब्बल २३७ वर्षांनंतर! ‘पद्मावत’ हे एका मुसलमान कवीचं काव्य आहे, हे ऐकून वर्गातले अर्धे चेहरे चकित झाले.

केस पिंजारलेला, मांस ओरबाडणारा तो रानटी सुलतान कुठून आला? जियाउद्दीन बरनी हा इतिहासकार अलाउद्दीनचा भाट नव्हता. त्याने त्याच्या कठोरपणावर सडकून लिहिलं आहे. पण त्याच बरनीने दिल्लीच्या बाजाराचे सरकारी भावही नोंदवले आहेत. गहू मणाला साडेसात जितल. दुष्काळ असो की सुकाळ, भाव तोच. माप मारणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचं तेवढंच मांस कापून काढायचे, हेही तोच सांगतो. अलाउद्दीनला संत ठरवण्याचं आम्हाला कारण नाही. १२९६ साली त्याने आपल्याच देवगिरीवर चालून येऊन रामचंद्रदेवाचा खजिना लुटला आणि त्याच वर्षी सख्ख्या चुलत्याला, जो त्याचा सासराही होता, मारून तख्त मिळवलं. माणूस निष्ठुर होता, हिशेबी होता. रानटी नव्हता.

एका मुलाने विचारलं, “सर, मग सिनेमात खोटं का दाखवतात?” आम्ही म्हटलं, “बाळा, खलनायक जितका भयंकर, तितका नायक उजळ दिसतो.” वर्ग शांत झाला, त्या दोघांनी माफी मागितली आणि आम्ही स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

पुढच्याच रविवारी टीव्हीवर ‘मुगल-ए-आझम’ लागला. आमच्या घरात या सिनेमाचं स्थान ईदच्या शिरखुर्म्यासारखं आहे; कितव्यांदा, हे कुणी मोजत नाही. अम्मीला संवाद पाठ आहेत. आम्हीही उर्दू शिकवतो, त्यामुळे ती जुबान कानावर पडली की हातातलं काम राहून जातं. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. शीशमहलातला नाच संपल्यावर तिने विचारलं, “अब्बू, हे तरी खरं आहे ना?”

आम्ही तोंड उघडण्याआधीच अम्मी म्हणाली, “खरं नाही तर काय! लाहोरला अनारकलीची कबर आहे.”

आणि आम्ही गप्प बसलो. वर्गात तासभर बोललेले आम्ही घरात एक वाक्य बोललो नाही.

बोलायला पुष्कळ होतं. ‘अकबरनामा’त अनारकली नाही. जहांगीरने ‘तुझुक’मध्ये स्वतःचं दारूचं व्यसन लपवलं नाही, अबुल फज्लला आपणच मारवलं हेसुद्धा कबूल केलं, पण अनारकलीचं नाव त्यानेही घेतलेलं नाही. तिचा जुना उल्लेख सापडतो तो विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याकडे. तो १६११ साली लाहोरात होता, अकबराच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, आणि त्याने ऐकीव गोष्ट टिपली. त्या गोष्टीत ती कनीज नाहीच, खुद्द अकबराच्या जनान्यातली बेगम आहे. आज आपल्याला माहीत असलेली कथा घडवली इम्तियाज अली ताज यांच्या १९२२ सालच्या नाटकाने. लाहोरची कबर आहे, हे खरं. तिच्यावर सलीमच्या नावाने एक फारसी शेरही कोरलेला आहे, म्हणजे कुणाचा तरी कुणावर जीव होता. पण कबरीवरचं पहिलं साल १५९९ धरलं, तर सलीम तेव्हा तिशीचा होता. कित्येक निकाह झालेले, खुसरो, परवेझ आणि खुर्रम ही मुलं मोठी होत होती. पडद्यावरचा तो कोवळा आशिक कुठे आणि हा बापमाणूस कुठे! सलीमने बापाविरुद्ध बंड केलं ते खरं, १६००च्या सुमारास. पण त्याला हवं होतं तख्त.

आणि ज्या उर्दूवर आम्ही जीव टाकतो, ती तरी अकबराची कुठे? त्याच्या दरबाराची भाषा फारसी होती.

मग आम्ही सगळे विश्वास का ठेवतो? आमच्या मते दोष कपड्यांचा आहे. के. आसिफ यांनी या सिनेमासाठी दहा वर्षांहून अधिक काळ घालवला. दिल्लीहून शिंपी आणले, जरीकाम सुरतेच्या कारागिरांकडून करून घेतलं, दागिने हैदराबादच्या सोनारांकडून आणि मुकुट आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांकडून. मुकुट इतका खरा, झुंबर इतकं खरं. मग त्या मुकुटाखालचा माणूस खोटा असेल असं वाटतच नाही. जोडा, तलवार, घागरा हे सगळे एका कल्पित गोष्टीचे साक्षीदार बनून उभे राहतात. ‘पद्मावत’मध्येही तेच झालं. फरक एवढाच की तिथे साक्ष आपल्याविरुद्ध गेली, म्हणून आम्ही पुरावे मागितले. इथे साक्ष आपल्या बाजूची होती. आम्ही रुमाल काढून डोळे पुसले.

सुरुवातीला पडद्यावर एक पाटी येते, हे कल्पित आहे वगैरे. ती वाचतो कोण? तोवर पॉपकॉर्नवाला आलेला असतो.

‘जोधा अकबर’चंही असंच. २००८ साली आशुतोष गोवारीकरांचा हा सिनेमा आला तेव्हा राजस्थानात नावावरून गदारोळ झाला. नावाबद्दलचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. आमेरच्या राजा भारमलच्या मुलीचा १५६२ साली अकबराशी विवाह झाला, सलीम तिचाच मुलगा. पण समकालीन ग्रंथांत तिचं नाव जोधा नाही. तिचा किताब मरियम-उझ-जमानी. जोधपूरची म्हणून ‘जोधबाई’ म्हटली गेली ती तिची सून, शाहजहानची आई. ‘मुगल-ए-आझम’मध्येही हेच नाव आहे, तिथली जोधाबाई आपल्या दुर्गा खोटेंनी साकारली होती. नावाची चूक आम्ही माफ करू. पण सिनेमाने तिला रुसवे-फुगवे आणि तलवारबाजी दिली, आणि तिचं खरं कर्तृत्व राहूनच गेलं. ही बाई जहाजमालकीण होती! सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणारं ‘रहीमी’ हे तिचं जहाज माल आणि हजयात्रेकरू घेऊन जायचं. १६१३ साली पोर्तुगीजांनी, त्यांचाच परवाना असताना, ते सुरतेजवळ पकडलं. आईचं जहाज धरलं म्हणून जहांगीरने दमणला वेढा घालायला फौज पाठवली आणि आग्ऱ्यातलं त्यांचं चर्च बंद करायला लावलं. त्याच सुमारास लाहोरात तिच्या नावाची मशीद उभी राहत होती; ती आजही आहे. १६२३ साली तिचं निधन झालं. कबर सिकंदऱ्याला, अकबराच्या मकबऱ्याजवळ.

हे सगळं मुलीला सांगायला आम्हाला पुढचा आठवडा लागला. अम्मी शेजारी तांदूळ निवडत बसली होती. अनारकलीचं ऐकून ती नाराज झाली. “तुम्ही मास्तर लोक काही शिल्लक ठेवणार नाही,” म्हणाली. मग ‘रहीमी’चं आलं तशी तिने परात बाजूला सारली. आमचे नाना मुंबईहून जहाजाने हजला गेले होते. तिला निरोपाच्या वेळचा धक्का, त्यावरची गर्दी आठवते.

“सुरतेहून किती दिवस लागायचे रे?” तिने विचारलं. “आणि बायकांची सोय काय असायची?”

मुलगी म्हणाली, “दादी, यावर सिनेमा निघायला हवा.”

“निघाला तरी तिला त्यात नाचवतीलच,” अम्मी म्हणाली आणि परात पुन्हा पुढे ओढली.