परक्या अभ्यासकाने मोजलेले मराठी खेडे

राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या परिसरात, भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात विंझर हे गाव वसलेले आहे. गड पाहावयास येणारा एखादा परदेशी प्रवासी या वाटेवर भातखाचरांच्या बांधाशी थांबतो. आवणी चाललेली पाहून तो विचारतो : हे रोप उपटून पुन्हा का लावतात? एवढ्या लहान खाचरात एका घरचे पोट कसे भरते? शेतकरी हसून चार शब्द सांगतो, प्रवासी पुढे जातो, आणि ते कुतूहल तेथेच संपते.

तथापि, असेच प्रश्न मनात धरून एका परदेशी गृहस्थाने याच पुणे जिल्ह्यातील एका खेड्याचा तपशीलवार अभ्यास केला होता. त्याला शंभरांहून अधिक वर्षे लोटली. त्या अभ्यासाची हकीकत प्रत्येक ग्रामसेवकाने व शेतकऱ्याने जाणून घेण्यासारखी आहे.

रसायनशास्त्रज्ञ खेड्यात येतो

डॉ. हॅरोल्ड मान (1872–1961) हे मूळचे इंग्लंडमधील कृषिरसायनशास्त्रज्ञ. आसामातील चहाच्या मळ्यांसंबंधी संशोधन केल्यानंतर 1907 साली ते पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आले. माती, खते व पिके हा त्यांचा विषय. परंतु माती कसणाऱ्या माणसाची स्थिती समजल्यावाचून मातीचे ज्ञान अपुरे राहते, हे त्यांनी ओळखले. पुणे शहरातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या राहणीचीही त्यांनी पाहणी केली व 1912 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला.

पुढे त्यांनी पवना नदीकाठचे पिंपळे सौदागर हे खेडे अभ्यासासाठी निवडले. या कामी डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे इत्यादी सहकारी त्यांच्याबरोबर होते. परक्या माणसाची जिज्ञासा आणि येथील भाषा व चालीरीती जाणणाऱ्या कृषिज्ञांचे ज्ञान यांचा हा संयोग होता. एकट्याने हे काम तडीस गेले नसते. या अभ्यासावरील ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेत 1917 साली प्रसिद्ध झाला.

शिवाराचा हिशेब

शेतकरी गरीब का, या प्रश्नाचे ठरीव उत्तर त्या काळीही तयार होते : तो आळशी आहे, लग्नकार्यात उधळपट्टी करतो, सुधारलेली अवजारे वापरीत नाही. मान यांनी हे उत्तर गृहीत धरले नाही. त्यांनी आधी शिवार मोजले.

गावात 156 जमीनधारक होते आणि त्यांच्या जमिनीचे 729 निरनिराळे तुकडे होते. त्यांपैकी 463 तुकडे एक एकराहून लहान होते. 112 तुकडे तर दहा गुंठ्यांहूनही कमी होते. जुन्या दप्तरांच्या आधारे त्यांनी मागील काळाचाही शोध घेतला. 1771 साली दर खातेदारामागे सरासरी 40 एकर जमीन होती. 1818 साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि 1914-15 साली अवघी सात एकर उरली.

हे आकडे हाती आल्यावर आळसाचा आरोप टिकेना. ज्याची जमीन चार दिशांना विखुरली आहे, त्याचे श्रम वाटेतच खर्ची पडतात. शेणखताची गाडी कोणत्या तुकड्यावर न्यावी, विहीर कोठे खणावी, राखण कशी करावी, हे प्रश्न त्याच्यापुढे रोज उभे असतात. शिवाय प्रत्येक वाटणीबरोबर नवा बांध पडतो आणि बांधाबरोबर बहुधा भांडणही येते.

घरोघरची मिळकत

त्यानंतर मान व त्यांचे सहकारी घरोघर गेले. प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न, खर्च आणि कर्ज यांची त्यांनी नोंद केली. येथे त्यांचा एक दंडक विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कुटुंबाला किती मिळकत पुरेल, हे त्यांनी विलायतेतील मापाने ठरविले नाही. गावकरी स्वतः ज्या राहणीला पुरेशी मानीत, तेच माप त्यांनी लावले.

तरीही निष्कर्ष कठोर निघाला. 103 कुटुंबांपैकी केवळ 8 कुटुंबे निव्वळ शेतीवर निभावत होती. 28 कुटुंबे बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळे तग धरून होती. उरलेल्या 67 कुटुंबांना शेती आणि मजुरी मिळूनही पुरत नव्हते. जवळच खडकीचा दारूगोळा कारखाना असल्याने या गावास बाहेरचे काम मिळे; नाहीतर अवस्था याहूनही बिकट असती.

शहराजवळच्या एका गावावरून साऱ्या मुलखाविषयी अनुमान काढणे योग्य नव्हे, हेही मान यांनी जाणले. म्हणून कानिटकर यांच्यासह त्यांनी शहरापासून दूर असलेल्या जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू खेड्याचा दुसरा अभ्यास केला. तो 1921 साली प्रसिद्ध झाला. तेथील स्थिती पहिल्या गावापेक्षाही हलाखीची आढळली. मान पुढे मुंबई इलाख्याचे कृषिसंचालक झाले.

जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न अशा पाहण्यांमुळे आकड्यांनिशी समोर आला. मुंबई प्रांतात तुकडेबंदी व तुकडेजोडीचा कायदा मात्र 1947 साली झाला. रोग दिसल्यापासून औषध मिळेपर्यंत तीस वर्षे गेली.

ग्रामसेवकाने घ्यावयाचा बोध

नव्याने नेमणूक झालेला ग्रामसेवक अनेकदा दुसऱ्या तालुक्यातून वा जिल्ह्यातून आलेला असतो. त्या गावास तोही परकाच असतो. गावाची भाषा येते म्हणून गाव कळले, असा समज त्याने करून घेऊ नये. विंझरसारख्या डोंगराळ भागात खालच्या खाचरात भात, वरच्या उतारावर नाचणी वा वरई, अशी एकाच घरची शेती अनेक जागी विभागलेली असू शकते. सुधारित बियाण्याची वा खताची शिफारस करण्यापूर्वी ती कोणत्या तुकड्यासाठी आहे, तेथवर खत नेणारे घरात किती हात आहेत, आणि त्यांतील किती पुण्यास कामाला गेले आहेत, हे त्यास ठाऊक असले पाहिजे.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. एक वही घ्यावी. सात-बाराचा उतारा पाहून न थांबता धन्याबरोबर शिवारात फिरावे. घरातील स्त्रियांनाही विचारावे, कारण आवणी, बेणणी व बियाण्याची जपणूक यांची माहिती त्यांच्यापाशी असते. कर्जाविषयी विचारताना चारचौघांत विचारू नये. ऐकलेले जसेच्या तसे लिहावे, आणि आपले मत त्यानंतर बनवावे.

शेतकऱ्यांनीही असे प्रश्न म्हणजे नसती चौकशी मानू नये. बांध न् बांध स्वतः मोजून आपले टिपण तयार ठेवले, तर भावांतील वाटणी किंवा शेजाऱ्याशी जमिनीची अदलाबदल विचारपूर्वक करता येते.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा भाग आहे. जेथे मान यांनी तुकडे मोजले, तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत. ते शिवार गेले. पण ते कसणारी माणसे कशी जगत होती याचा हिशेब मागे राहिला, कारण कोणी एक परका माणूस विचारावयास थांबला होता. विंझरच्या शिवाराचा असा हिशेब लिहून ठेवण्यास दूरदेशीच्या पाहुण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.