नाडी 118, रक्तदाब 110

बाळंत होऊन तासभर झालेली एक बाई. नाडी मिनिटाला 118, वरचा रक्तदाब 110. केसपेपरवर दोन्ही आकडे नीट लिहिलेले असतात आणि ‘बीपी चांगलं आहे’ म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळतात. पण नाडीला रक्तदाबाने भागले तर उत्तर एकाच्या पुढे जाते. बाळंतिणीत ते 0.9 च्या वर गेले, की रक्तस्राव धोक्याच्या पातळीकडे चालला आहे असे धरून धावपळ सुरू करायची असते. रक्तदाब पडणार आहेच, पण तो पडेल तेव्हा फार उशीर झालेला असेल.

असे होते, कारण गर्भारपणात शरीर बाळंतपणासाठी रक्ताची बेगमी करून ठेवते. नऊ महिन्यांत अंगातले रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे धडधाकट तरुण बाईचे लिटर-दीड लिटर रक्त वाहून गेले तरी रक्तदाब तग धरून राहू शकतो. मग तो एकदम कोसळतो. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते, हे लक्षात घेतले की डॉक्टर मिनिटे का मोजतात ते कळते. शिवाय ही बेगमी सगळ्यांकडे सारखी नसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52 टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. गर्भारपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईत तर रक्त वाढायला हवे तेवढे वाढतच नाही.

गंभीर आजारी गर्भवतीची किंवा बाळंतिणीची अतिदक्षता म्हटली की डोळ्यांसमोर व्हेंटिलेटर आणि मॉनिटर येतात. ते लागतातच. पण तिथे काम करणाऱ्यांना आधी एक गोष्ट शिकावी लागते: इतर रुग्णांचे ‘नॉर्मल’ आकडे इथे चालत नाहीत. क्रिएटिनिन 1.1 आले तर एरवी कोणी थांबत नाही. गर्भवतीत ते 0.8 च्या खाली असायला हवे, म्हणजे 1.1 ला मूत्रपिंडाची तक्रार सुरू झालेली असते. धमनीतल्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एरवी 40 असतो, गर्भवतीत 30 च्या आसपास. दम लागलेल्या गर्भवतीचा रिपोर्ट 40 आला, तर ती सुधारलेली नसून श्वास घेऊन घेऊन थकलेली असते. गर्भवतीला ऑक्सिजन जास्त लागतो आणि फुप्फुसात त्याचा साठा कमी उरतो. श्वासनलिकेत नळी घालायला थोडा वेळ लागला तरी ऑक्सिजनची पातळी झपाट्याने खाली येते.

रक्तस्रावाकडे पुन्हा वळतो, कारण इथे आपल्या शेजारच्या बेळगावने जगाला एक साधी वस्तू दिली. बाळंतपणात किती रक्त गेले हे पूर्वापार नजरेने ठरवत आले. ग्रामीण बेळगाव जिल्ह्यात मिसोप्रोस्टॉलच्या गोळीची मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2006 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. गोळीने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव जवळपास निम्म्यावर आणला. या चाचणीसाठी बाळंतिणीखाली पसरायची, टोकाला निमुळती आणि मोजमापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी वापरली होती. त्या पिशवीशी ताडून पाहिले, तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी भरला. तरबेज माणसांची नजरही फसते, आणि फसते ती कमी सांगण्याच्या बाजूने.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांतल्या 80 रुग्णालयांत अशाच पिशवीला उपचारांचा एक संच जोडून पाहिला. गर्भाशय चोळणे, ते आकुंचन पावावे म्हणून औषध, ट्रानेक्झॅमिक अॅसिड, सलाइन, तपासणी आणि लगेच वरिष्ठांना बोलावणे. हे सगळे एकाच वेळी; एक उपाय करून वाट पाहायची, मग दुसरा, असे नाही. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून उद्भवणाऱ्या शस्त्रक्रिया व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये आपला निकषही खाली आणला. 500 मिलीलिटरची वाट न पाहता, 300 मिलीलिटर रक्त गेले आणि सोबत नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असला, तरी उपचार सुरू करावेत. माझ्या मते गेल्या काही वर्षांत बाळंतिणींसाठी झालेला हा सर्वांत मोलाचा बदल आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

प्रीएक्लॅम्पसियात येणाऱ्या झटक्यांची गोष्टही अशीच. प्रीएक्लॅम्पसियात मॅग्नेशियम सल्फेट दिले तर झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने 2002 मध्ये दाखवले. औषध स्वस्त, पण प्रमाणाबाहेर गेले तर श्वास थांबवणारे. त्याची चाहूल गुडघा देतो. हातोडीने ठोकल्यावर पाय उडेनासा होतो, आणि श्वास मंदावतो तो त्यानंतर. म्हणून पुढचा डोस देण्याआधी गुडघा, श्वास आणि लघवीचे प्रमाण पाहायचे, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी तयार ठेवायचे. पाश्चात्त्य बायकांच्या वजनावर बेतलेला डोस आपल्याकडच्या किरकोळ अंगाच्या बाईला जास्त होतो, हे ओळखून सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी कमी मात्रेची पद्धत मांडली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सर्वांत कठीण प्रसंग गर्भवतीचे हृदय थांबण्याचा. ती उताणी असताना मोठे झालेले गर्भाशय पोटातल्या मुख्य रक्तवाहिन्या दाबून धरते, त्यामुळे छाती कितीही दाबली तरी हृदयाकडे रक्त पुरेसे परतत नाही. एकाने गर्भाशय हाताने डावीकडे सारून धरायचे, दुसऱ्याने छाती दाबायची. चार मिनिटांत हृदय सुरू झाले नाही, तर आहे त्याच खाटेवर सिझेरियन करून पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर काढायचे. व्हर्न कॅट्झ यांनी 1986 मध्ये हे मांडले. नातेवाइकांना वाटते, आईची आशा सोडून आता बाळाला वाचवताहेत. हे सिझेरियन आधी आईसाठी असते. गर्भाशय रिकामे झाले की दाब उतरतो, आणि थांबलेले हृदय कधी कधी तेव्हाच पुन्हा सुरू होते.

हे चार मिनिटांत जमायचे तर प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बाळाचे डॉक्टर एका हाकेवर हवेत. केंद्र सरकारने 2016 मध्ये प्रसूतीसाठीच्या एचडीयू आणि आयसीयूबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच विचाराने. एचडीयू म्हणजे लेबर रूमला लागून काही खाटांची अशी जागा, जिथे बाई पूर्ण कोसळण्याआधीच तिच्यावर तासातासाने लक्ष राहील. लेबर रूम एका मजल्यावर आणि आयसीयू दुसऱ्या मजल्यावर, त्यात लिफ्ट बंद, अशा ठिकाणी उत्तम व्हेंटिलेटरचाही उपयोग होत नाही. 2018-20 मध्ये लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू देशात 97 आणि महाराष्ट्रात 33 होते. बाई दवाखान्यात यावी म्हणून या राज्याने खूप केले. आता ती आल्यानंतरच्या तासांवर तितकाच पैसा आणि माणसे लावायला हवीत, आणि त्यातही नर्सची संख्या आधी. बिघडती नाडी पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

बाई शुद्धीवर आली, खाली वॉर्डात गेली, की घरच्यांना हायसे वाटते. पण प्रीएक्लॅम्पसियात रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत सर्वांत वर जातो, म्हणजे नेमका ती घरी परतते तेव्हा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणे, पोटात वरच्या बाजूला दुखणे, आडवे झाल्यावर दम लागणे, यांतले काही झाले तर ते जागरणावर ढकलू नये, त्याच दिवशी रक्तदाब मोजावा. प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रीला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर तिचा सर्वांत वर गेलेला रक्तदाब आणि दिलेली औषधे ठळक लिहिलेली हवीत, आणि ते कार्ड वीस वर्षांनी मधुमेहाच्या किंवा हृदयाच्या डॉक्टरकडे जातानाही तिने सोबत न्यावे.