गाडीतलं पिस्तूल : काही समज, काही गैरसमज

म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक, म्हणजे जंबूसवारी, राजवाड्यातून निघते आणि सुमारे पाच किलोमीटर चालून बन्नीमंटपाला येऊन थांबते. त्याच संध्याकाळी तिथल्या मैदानावर मशालींची कवायत होते. कानडीतली बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासात शिरण्याआधी पांडवांनी आपली शस्त्रं ठेवली ती याच जातीच्या झाडावर. विराटपर्वात त्याचा तपशील आहे. त्यांनी आधी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या, मग शस्त्रं नीट बांधून उंचावर ठेवली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून झाडाला एक प्रेतही बांधलं. आज परवानाधारकाला सांगितले जाणारे निम्मे नियम एवढ्यात आले: शस्त्र निकामी करून ठेवा, दुसऱ्याचा हात पोचणार नाही असं ठेवा, कुठे ठेवलंय ते कोणाला कळू देऊ नका.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी तिकडे आयुधपूजा असते, आपल्याकडे खंडेनवमी. कर्नाटकात त्या दिवशी गाड्या धुऊनपुसून हारांनी सजतात, चाकाखाली लिंबं ठेवतात, कोहळा फोडतात. ज्याच्या घरी परवान्याचं हत्यार आहे तो त्यालाही हळदकुंकू वाहतो. इथवर सगळं ठीक. घोटाळा होतो तो पूजेनंतर तेच हत्यार त्याच गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जातं तेव्हा. परवाना माझा, गाडी माझी, कुलूपही माझं, मग अडचण काय, असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं.

अडचण कुलपापासूनच सुरू होते. डॅशबोर्डच्या कप्प्याचं कुलूप कागदपत्रं खाली पडू नयेत एवढ्यासाठी असतं. साधा स्क्रूड्रायव्हर त्याला पुरतो. शिवाय आपल्या गाडीची किल्ली आपल्याकडे असते किती वेळ? हॉटेलात ती पार्किंगवाल्या पोऱ्याकडे जाते, सर्व्हिसिंगला दिवसभर गॅरेजात राहते, सोसायटीत गाडी धुणाऱ्याकडे एक असते आणि ड्रायव्हर असेल तर त्याच्या खिशात कायमची. यांतला प्रत्येक माणूस सज्जन आहे असं धरलं तरी कायद्याच्या लेखी तो बिनपरवाना आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहू, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र बाळगायला परवाना लागतो. त्याच कलमात एक सवलत आहे. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी दुसरा माणूस हत्यार नेऊ शकतो, पण परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर. साहेब लग्नाच्या मांडवात, पिस्तूल सीटखाली आणि ड्रायव्हर गाडी घेऊन डिझेल भरायला गेलेला, हे चित्र त्या सवलतीत बसत नाही. वाटेत नाकाबंदी लागली तर पहिले प्रश्न ड्रायव्हरला विचारले जातील. साहेबही सुटत नाहीत. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की ताबा म्हणजे केवळ हातात किंवा खिशात असणं नव्हे. वस्तू दुसऱ्याकडे असली तरी तिच्यावर जाणीवपूर्वक नियंत्रण असेल, तर तोही ताबाच. परवान्याची अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन हजार ऐकून हसू येईल, पण परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ मध्ये वेगळा आहे, आणि एकदा गेलेला परवाना परत मिळवताना चपला झिजतात.

विश्वासातल्या माणसाकडे ठेवलं तर काय बिघडलं, हा प्रश्न हमखास येतो. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरिवली-दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला होता, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. हत्यार कायदेशीर होतं, पण ते दुसऱ्याच्या हाती लागलं.

एक गैरसमज मात्र उलट्या बाजूचा आहे. उन्हात उभ्या गाडीत काडतूस आपोआप फुटेल, ही भीती. बंद गाडीत उन्हाळ्यात पारा साठच्या पुढे जाऊ शकतो, डॅशबोर्ड तर त्याहूनही तापतो. पण काडतुसातली धूरविरहित दारू नुसत्या उष्णतेने पेटायला दीडशे अंशांहून अधिक तापमान लागतं. तेव्हा ते फुटणार नाही. मात्र महिनोन्महिने उन्हात आणि दमट हवेत पडलेली काडतुसं भरवशाची राहत नाहीत आणि कोकणातल्या पावसाळ्यात गाडीतल्या हत्याराला गंज धरायला फार वेळ लागत नाही. गाडीत ठेवलेल्या पिस्तुलाला खरा धोका चोराचा. त्यातही काचेवर ‘पोलीस’ नाहीतर बंदुकीचं स्टिकर लावून चोराला आमंत्रण देणारे महाभाग आहेतच.

मग गाडीत ठेवायचंच नाही का? प्रवासात कधी तशी वेळ येते. बन्नीमंटपाच्या कवायतीसारख्या गर्दीच्या कार्यक्रमाला गेलात आणि प्रवेशद्वारावरच्या तपासणीत हत्यार आत नेऊ दिलं नाही, तर करायचं काय? सोपा उपाय म्हणजे अशा दिवशी ते घरातून काढूच नये. काढावंच लागलं, तर जाड पत्र्याची कुलूपबंद पेटी हवी. ती सीटखालच्या लोखंडी पट्टीला बोल्टने किंवा पोलादी तारेने जखडलेली असावी आणि बाहेरून दिसू नये. हत्यार रिकामं, काडतुसं वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या स्वतःच्या खिशात. आणि ठेवायचं ते निघण्याआधी. पार्किंगमध्ये उतरून चारचौघांदेखत कमरेचं पिस्तूल काढून पेटीत घालणारा माणूस आजूबाजूच्यांना पत्ताच देत असतो. ही सोय तास-दोन तासांची, रात्रीची नाही.

अंगावर बाळगतानाही नियम आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असायला हवं. मिरवायला सक्त मनाई. डॅशबोर्डवर उघडं ठेवून काढलेला फोटो स्टेटसला टाकणारे आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच तयार करून देतात. लग्नात किंवा वरातीत हवेत गोळी झाडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘रिकामं’ या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण अपघात इथेच होतात. पिस्तुलाची मॅगझिन काढली की ते रिकामं झालं, असं अनेक जुनेजाणतेही समजतात. चेंबरमध्ये आधीच चढलेली गोळी मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही. मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, आणि हे सगळं नळी सुरक्षित दिशेला धरून. रिव्हॉल्व्हरची तऱ्हा निराळी. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची टोकदार पिन थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेली असते. असं हत्यार घोड्यावर आपटलं तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. नव्या बनावटीत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडथळा देणारा भाग असतो, पण तोही झिजतो, मोडतो. अभिनेते गोविंदा यांना १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गुडघ्याखाली लागली. कपाटात ठेवताना ते हातातून पडलं, असं त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितलं होतं. घरातल्या कपाटापाशी हे घडतं, तर खड्ड्यांतून आदळत चाललेल्या गाडीत भरलेलं हत्यार सीटखाली घरंगळत असेल तेव्हा काय होईल, याचा विचार करावा.

आता खिशाचा प्रश्न. स्वस्त पिस्तूल म्हणजे वाईट आणि विलायती म्हणजे उत्तम, हा समज परवानाधारकांच्या गप्पांत घट्ट रुतलेला आहे. प्रत्यक्षात खासगी व्यक्तींसाठी परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकातच थांबली. त्यामुळे बाजारात हात बदलत फिरणारी विलायती हत्यारं बहुतेक चाळीस-पन्नास वर्षांची आहेत आणि त्यांची लाखोंची किंमत दर्जापेक्षा टंचाईने ठरते. एवढे पैसे मोजून थकलेल्या स्प्रिंगा आणि न मिळणारे सुटे भाग पदरात घ्यायचे, हे माझ्या मते हौसेखेरीज दुसऱ्या कोणत्याही हिशेबात बसत नाही.

देशी पर्याय आहेत. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे सुमारे पाचशे ग्रॅमचं हलकं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा त्याची किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात होती. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ‘निडर’ हे .२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर त्या सुमारास पस्तीस हजारांच्या आसपास मिळत होतं. ईशापूरचंच ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. जुन्या किमती ऐकून दुकानात जाऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला आहे.

‘.३२ म्हणजे .३२’ ही समजूतही महागात पडते. रिव्हॉल्व्हरचं .३२ काडतूस लांब आणि बुडाला कडा असलेलं असतं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात चालत नाही. म्हणून हत्यार घेण्याआधी त्याचं काडतूस आपल्या जिल्ह्यात कोणत्या दुकानात मिळतं ते विचारा. नऊ मिलिमीटरच्या सिनेमातल्या पिस्तुलांचा विचार सोडून द्या, तो बोअर सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे. खर्चाच्या हिशेबात पेटी, प्रशिक्षण, सरावाची काडतुसं आणि नूतनीकरण धरा. परवाना आता पाच वर्षांचा असतो आणि सर्वसाधारणपणे एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात.

आणखी स्वस्त हवं म्हणून चोपड्याच्या हद्दीपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीच्या गावठी कट्ट्यांकडे बघणाऱ्यांसाठी फक्त एवढंच: बिनपरवाना अग्निशस्त्राला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे, आणि अशा कट्ट्याची नळी धरणाऱ्याच्या हातातच फुटू शकते.

कोल्हापूर-सांगलीकडून म्हैसूरला दसऱ्याला जाणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. ते महाराष्ट्रापुरतं असेल, तर कागल ओलांडून कोगनोळीच्या टोलनाक्यावर पोचलात की तुमचा परवाना मागे राहिलेला असतो. ‘पण कोडगूत तर परवाना लागतच नाही’ असं कोणी सांगेल. म्हैसूरशेजारच्या त्या जिल्ह्यात कोडव समाज आणि जम्मा जमीनधारकांना ब्रिटिशकाळापासून सूट आहे. केंद्राने ती २०१९ मध्ये आणखी दहा वर्षांसाठी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. ती त्यांची सूट आहे, तिथे फिरायला गेलेल्या पाहुण्याची नव्हे.

हत्यार गाडीतून चोरीला गेलं, तर आधी घरभर शोधू, नातेवाइकांना विचारू, असं करत दिवस घालवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवणं ही परवान्याचीच अट आहे. आणि बाहेरगावी जाताना हत्यार बरोबर नेण्याची गरज नसेल, घरीही भक्कम तिजोरी नसेल, तर ते पोलीस ठाण्यात किंवा सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावती घ्यायला विसरू नका.